गदा मोजायची की जोड

2025 साली अहिल्यानगर जिल्ह्यात दोन महिन्यांच्या आत दोन महाराष्ट्र केसरी झाले. 2 फेब्रुवारीला नगर शहरात पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडविरुद्धची अंतिम कुस्ती जिंकून गदा खांद्यावर घेतली, आणि मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटलाला हरवून गदा उचलली. भरवणाऱ्या संघटना वेगळ्या, मैदानं वेगळी, किताब मात्र एकच. त्यातही नगरच्या स्पर्धेत मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत पाठ लागली की नाही यावरून पेटलेला वाद महाराष्ट्रभर गाजला. नेवासे तालुक्यातल्या सोनईपासून नगर तासाभराच्या वाटेवर. मुळेच्या कालव्यांवर आणि साखर कारखान्यावर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आला, आणि हगामा म्हटला की सगळ्यात मोठा पैलवान कोण हा वाद आलाच. खाशाबा मोठे की मारुती माने? दादू चौगुल्यांच्या दोन गदा मोठ्या की विजय चौधरीच्या तीन? हा वाद पोरखेळ आहे असं मला वाटत नाही. कोणाला पहिला मानायचं हे ठरवताना गाव कुस्तीत कशाला किंमत द्यायची तेच ठरवत असतं, आणि तालमीत घातलेलं पोर पुढे त्याच हिशेबाने वाढतं.

वादात साधारण तीन मापं वापरली जातात. एक, गदा किती. दोन, देशाबाहेरची पदकं किती. तिसरं माप मनातल्या आखाड्याचं: हा त्या काळी असता तर त्याने त्याला पाडलं असतं का. तिन्ही मापं अपुरी आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि त्यांच्याहून जुनं, आपल्याच मातीतलं एक माप आपल्या हाताशी असूनही आपण ते या वादात वापरत नाही. ते माप म्हणजे जोड.

हगाम्यात जोड कशी लागते ते आठवून पाहावं. दुपार कलली की हलगी कडाडते आणि आधी रेवड्यांवर चिल्लीपिल्ली लढतात. मग लांग कसलेली पोरं हात वर करून आखाड्याभोवती फिरतात, म्हणजे जोड मागतात. समोरून कोणी उतरला की दोघांना पंचांपुढे खांद्याला खांदा लावून उभं करतात. काटा नसतो, वयाचा दाखला नसतो. वस्ताद मान बघतो, मांडी बघतो, कानाची पाळी मुरगळलेली आहे का बघतो, कारण मातीत वर्षानुवर्षं घासलेला कान पैलवानाची तालीम सांगतो. मग विचारतो कोणत्या तालमीचा, मागच्या आठवड्यात कोणाशी लढलास. एवढ्यावर तो जोड लावतो किंवा मोडतो. लहानग्याला मोठ्यावर सोडलं तर लोक ओरडतात आणि पंचांना कुस्ती थांबवावी लागते. शेवटच्या मानाच्या कुस्तीची जोड मात्र आधीच ठरवून पत्रकावर छापलेली असते, आणि गर्दी येते ती त्या दोन नावांसाठी. म्हणजे क्रमवारी लावणं हे आपल्याकडे कुस्तीच्या आधीचं काम होतं. कोण कोणाच्या तोलाचा हे ठरल्याशिवाय कुस्तीच लागत नसे. पैलवानाची ओळखही त्याच भाषेत सांगितली जायची: अमक्याशी बरोबरीत सुटला, तमक्याला कलाजंगावर चीत केला. त्याची जोड कोण, यात त्याची उंची आली.

गदा त्यामानाने नवी. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 साली मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि महाराष्ट्र केसरीचा पहिला मानकरी 1961 साली औरंगाबादला ठरला, दिनकर दह्यारी. या स्पर्धेने कुस्तीवर मोठे उपकार केले. संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर पैलवानाला वर्षाकाठी एक ध्येय मिळालं, जिल्ह्याजिल्ह्यांत निवड चाचण्या सुरू झाल्या, माती आणि गादी दोन्हींवरची माणसं एका मांडवात आली. पण गदा ज्या गटात मिळते तो गट वजनदारांचा आहे, आजच्या नियमाने 86 ते 125 किलोचा. बाकीच्या वजनांत पदकं मिळतात, गदा मिळत नाही. मग गदांची संख्या मोजून महानता ठरवणारा माणूस पहिल्याच पावलाला निम्म्याहून अधिक पैलवान बाजूला सारतो, आणि ते आपल्या हातून झालं हे त्याच्या लक्षातही येत नाही. त्यातून आता एका वर्षात दोन-दोन गदा. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरी पटकावली, आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी पटकावली. नुसती यादी वाचणाऱ्याला हे दोघे बरोबरीचे दिसतील. कोण कोणाशी लढला हे माहीत असलेल्याला तसं दिसणार नाही.

गदेच्या यादीत जो माणूस कधीच येऊ शकला नसता, त्याच्यापासून मी माझी क्रमवारी सुरू करतो. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म 1926. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीतला हा पैलवान तिथे गादीवरच्या कुस्तीला सामोरा गेला आणि रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाच्या हाताखाली नियम शिकत शिकत लढला. 1952 च्या हेलसिंकीसाठी निवडीच्या वेळी त्यांना डावललं गेलं, दाद मागून पुन्हा लढावं लागलं. खर्चाला पैसे नव्हते तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. 57 किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं आणि कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला लिअँडर पेसपर्यंत, म्हणजे 1996 पर्यंत वाट पाहावी लागली, आणि कुस्तीतलं दुसरं 2008 साली सुशीलकुमारने आणलं. पण पदकापेक्षा मला त्यांच्या हारी महत्त्वाच्या वाटतात. त्या स्पर्धेत खाशाबा हरले ते दोनच माणसांकडून. एक जपानचा शोहाची इशी, ज्याने सुवर्ण नेलं. दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह, ज्याने रौप्य नेलं. त्या वजनात जगात तीनच माणसं एकमेकांच्या तोलाची होती आणि त्यातला एक गोळेश्वरचा होता. गावच्या भाषेत सांगायचं तर खाशाबांची जोड महाराष्ट्रात नव्हती, देशात नव्हती, ती हेलसिंकीला जाऊन शोधावी लागली. आणि हा 57 किलोचा गट हलका म्हणून दुय्यम ठरवायचा असेल तर हेही ध्यानात घ्यावं की टोकियोत रवी दहियाने रौप्य जिंकलं ते 57 किलोत आणि पॅरिसला अमन सेहरावतने कांस्य जिंकलं तेही 57 किलोतच. ज्या वजनाने भारताला ऑलिंपिकमध्ये तीनदा व्यासपीठावर उभं केलं, त्या वजनाला आपल्याकडे गदा नाही.

यावर सगळ्यात जोरदार हरकत मातीवाल्यांची असते, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. ते म्हणतात, ऑलिंपिक हे परक्याचं माप. आपली कुस्ती मातीतली. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं, रोज खोऱ्याने उकरून ती मऊ ठेवायची, आणि त्या मातीत चितपट होईपर्यंत लढायचं. मातीत पाय रुततो, घामावर माती बसली की पकड घट्ट होते, दम हळूहळू जातो. तिथे थांबून, दमवून, समोरचा सैल पडायची वाट पाहून मारलेला डाव खरा. गादीवर पाय सुटा, चपळाईला भाव, पाठ न लावताही गुणांवर विजय. मग मातीत राजा असलेल्या पैलवानाला गादीच्या पदकाने का तोलायचं? हरकत खरी आहे, पण ती पदकाच्या मापाला लागते, जोडीच्या मापाला लागत नाही. श्रीपती खंचनाळे कधी ऑलिंपिकला गेले नाहीत. 1959 साली ते पहिले हिंदकेसरी झाले ते पंजाबच्या बंतासिंगला हरवून, आणि त्या काळी मातीतला पंजाबी मल्ल पाडणं म्हणजे काय हे सांगायला पदक लागत नव्हतं. शाहू महाराजांनी पंजाबातून मल्ल आणून कोल्हापुरात ठेवले, 1912 साली खासबागचं मैदान खुलं केलं, त्यामागेही हाच विचार दिसतो: आपल्या पोरांना मोठी जोड मिळाल्याशिवाय ती मोठी होणार नाहीत. खंचनाळेंची उंची बंतासिंगावरून कळते, खाशाबांची इशीवरून. जमीन वेगळी असली तरी माप एकच राहतं.

आणि काही माणसांनी दोन्ही जमिनींवर हिशेब चुकता केला, त्यांच्याबद्दल तर वाद राहू नये. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. गणपतराव आंदळकरांनी त्यांच्या वरच्या वजनात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायची मुभा नसते. पट काढण्यावर, टांग मारण्यावर वाढलेल्या मल्लाचे निम्मे डाव तिथे बादच होतात. पोटरीला हात न लावता, केवळ छाती, कंबर आणि दंडाच्या जोरावर आशियातल्या मल्लांना उचलून टाकायचं, आणि दोघेही मातीत हिंदकेसरी झालेले किंवा होणारे. आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, माने 1964 चे. या दोघांत पहिला कोण हे मी ठरवत नाही, कारण वजन वेगळं असल्याने जकार्त्यात ते एकमेकांसमोर आलेच नाहीत, आणि दोघांची पदकं एकाच तागडीत अगदी सारखी भरतात.

सत्तरच्या दशकाकडे आलं की गदा मोजणाऱ्यांची आणखी एक चूक उघडी पडते. 1967 आणि 68 साली चंबा मुतनाळ, 69 ला हरिश्चंद्र बिराजदार, 70 आणि 71 ला दादू चौगुले, 72 आणि 73 ला लक्ष्मण वडार, 74 ला युवराज पाटील. आठ वर्षांत पाच नावं, आणि पाचही अशी की त्यातलं कुठलंही नाव पत्रकावर छापलं तर पंचक्रोशी मोकळी व्हावी. यांच्यासमोर दिल्लीचा सतपाल होता, आणि युवराज पाटलांनी खासबागेत सतपालला हरवलं ती कुस्ती आजही कोल्हापुरात कालची असल्यासारखी सांगितली जाते. चौगुल्यांनी 1974 च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणलं. अशा गर्दीत मिळवलेली एक गदा आणि विरळ वर्षात मिळवलेली एक गदा यादीत सारख्याच दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची 99.94 ही सरासरी आपण मानतो ती आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. त्याच गोलंदाजांसमोर, त्याच खेळपट्ट्यांवर खेळलेले बाकीचे उत्तम फलंदाज पन्नास-साठच्या आसपास राहिले म्हणून. सोबतचे कोण होते हे झाकलं की आकडा मुका होतो.

तरुण पोरांची हरकत वेगळी. त्यांचं म्हणणं, आजचा पैलवान शास्त्रशुद्ध व्यायाम करतो, आहारतज्ज्ञाचं ऐकतो, प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्या पडद्यावर थांबवून थांबवून पाहतो. तो जुन्याला पाच मिनिटांत लोळवेल. असेलही. पण कोणत्या नियमाने? 1910 साली लंडनमध्ये गामा आणि झ्बिश्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालली आणि निकाल लागला नाही. झ्बिश्को जवळजवळ सगळा वेळ खाली चिकटून राहिला. आज तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात, नुसतं चिकटून राहणाऱ्याला ताकीद मिळते, दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती संपते. आजच्या मल्लाला अडीच तास मातीत ठेवा आणि त्या काळच्या मल्लाला सहा मिनिटांच्या गादीवर सोडा, दोघेही आपापल्या पाण्याबाहेर पडतील. प्रत्येक खेळात हेच आहे. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळू लागले ते 1979 पासून. त्याआधीच्या खेळाडूने लांबून टाकायचा सराव का केला नाही असं विचारणं अन्यायाचं आहे. मनातल्या आखाड्यात नियम नेहमी विचारणाऱ्याच्या काळाचे असतात, म्हणून निकालही त्याच्याच बाजूने लागतो. ज्या आखाड्याला पंच नाही तिथली कुस्ती मी धरत नाही. नगरला शेकडो लोकांच्या डोळ्यांसमोर, कॅमेरे लागलेले असताना, खांदे टेकले की नाही यावर एकमत झालं नाही, तिथे साठ वर्षांच्या अंतरावरची कल्पनेतली पाठ कोण मोजणार?

अलीकडच्यांत मग कोण? सलग तीन गदा हा पराक्रम आधी नरसिंग यादवने 2011 ते 2013 मध्ये केला, लगोलग 2014 ते 2016 मध्ये विजय चौधरीने. दोघांच्या यादीत तीन-तीन गदा, पण जोड पाहिली तर नरसिंग वेगळा ठरतो: 74 किलोचा मल्ल असून तो आपल्याहून वजनदार गटात उतरून गदा जिंकत होता, 2010 च्या राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण आणि 2015 च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवत होता. 2016 साली उत्तेजकाच्या प्रकरणात चार वर्षांची बंदी आली आणि रिओची कुस्ती हुकली, हा डागही त्याच्या हिशेबात धरावाच लागतो. त्यामुळे मी त्याला एक पायरी खाली ठेवतो, यादीबाहेर काढत नाही. त्याच्यावर मी ठेवतो पाटोद्याच्या राहुल आवारेला. 2018 ला राष्ट्रकुल सुवर्ण, 57 किलोत, आणि 2019 ला जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. खाशाबांसारखाच तो गदेच्या यादीत नाही आणि कधी असूही शकला नसता. त्याच्या वजनाच्या पोराने हगाम्यात हात वर केला तर त्याची जोड बसस्टँडवरून येत नाही, ती परदेशातून येते. आपल्या जिल्ह्याच्या अकोल्याचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला तो नाशिककडून लढून. गदा नगरची की नाशिकची हा वाद मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. त्याची जोड शैलेश शेळके, आणि दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. ज्याच्याशी रोज सराव केला, ज्याला आपला प्रत्येक डाव पाठ, त्याच्याशी किताबाची कुस्ती लढणं फार अवघड.

जोडीचं माप लावलं की एक अडचण मात्र उरते, आणि ती मान्य करायला हवी. ज्याला जोडच मिळू दिली गेली नाही, त्याचं काय? गावोगाव असे मल्ल होऊन गेले की घरच्या शेतीने, कर्जाने, एका मोडलेल्या गुडघ्याने त्यांना तालुक्याबाहेर जाऊ दिलं नाही. बायकांची कुस्ती तर या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली; पुरुषांच्या पहिल्या गदेनंतर 62 वर्षांनी. त्या 62 वर्षांतल्या पोरींची क्रमवारी कोणी कशी लावावी? जोडीचं माप त्यांना न्याय देत नाही, पण निदान अन्याय कुठे झाला ते दाखवतं. गदांची यादी तेही दाखवत नाही, तिथे नुसती कोरी जागा असते.

तेव्हा माझी क्रमवारी अशी: खाशाबा पहिले, त्यांच्या खालच्या पायरीवर माने आणि आंदळकर शेजारी शेजारी, मग सत्तरच्या दशकातले पाच आणि त्यांच्याच ओळीत खंचनाळे, मग राहुल आवारे, मग नरसिंग. आवारेला सत्तरच्या मंडळींच्या खाली का, असं कोणी विचारलं तर ती जागा मी उद्या बदलायला तयार आहे; जागतिक पदक त्यांच्यापैकी कोणाकडे नाही. पहिली जागा मात्र बदलणार नाही. हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांची कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी केलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवणं. जगातल्या पहिल्या तिघांतला मल्ल पुन्हा मातीत उतरला, जोडी लावल्या, कुस्त्या केल्या, आणि त्या मैदानाच्या पैशातून खर्डेकर सरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं.